हळदीकुंकवातला पासवर्ड

माहं नाव यशवंतराव. हे पहिलेच सांगून ठेवतो, काहून का पुढचा सारा गोंधळ या नावानंच केला. मी काही केलं नाही. मी बगीच्यात बांबू लावून राहिलो होतो.

पूस महिना होता. मृगबहाराची संत्री यंदा अशी लदली होती का फांद्या जमिनीले टेकून राहिल्या होत्या. फांदी मोडली का फळबी गेलं अन् झाडबी गेलं, म्हणून खालून बांबूचा टेकू द्या लागते. बांबू खांद्यावर घ्या, झाडाखाली वाका, काटे टोचून घ्या, फांदी उचला, टेकू ठोका, मंग पुढचं झाड. माणूस सकाळी सरळ जाते अन् संध्याकाळी वाकडा होऊन घरी येते. तिकडे कापसाची शेवटची वेचणी बाकी होती अन् वेचाले बाया भेटत नव्हत्या. ज्या भेटत, त्या मोहगावच्या बाजाराच्या दिवशी हटकून आजारी पडत. घरात आम्ही चार माणसं. मी, माही बायको शकुबाई, पोरगा हेमराज अन् सून तृप्ती.

तृप्ती पांढुर्ण्याची, मास्तरची पोरगी. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हापासून तिच्या माहेरचे लोक जरा ताठच बसतात, पण पोरगी चांगली आहे. मले आवडते. तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, पण आवडते. पुण्याच्या एका कंपनीचं काम ती लॅपटॉपवर करे, दवाखान्याचे अन् विम्याचे कागद तपासाचं. लग्नाआधी माहेरी बसून करे, आता आमच्या घरी बसून करे. बसून म्हणजे मागच्या पक्क्या खोलीच्या गच्चीवर. साऱ्या घरात मोबाईलच्या रेंजचे दांडे तिथंच येत. मोबाईल पाण्याच्या टाकीवर ठेवे, त्याचं नेट लॅपटॉपले देई अन् डोक्यावर ओढणी घेऊन कापसाच्या ढिगाजवळ बसे. तिचे साहेब अभिजीत म्हणून होते, ते पुण्याहून विचारत, "मॅडम, आवाज कटतोय. आणि तुमच्या मागे माकड आहे का?"

होतंच. वांदराले संत्र दिसते, कंपनी नाही दिसत.

मंग एक दिवस कंपनीनं कळवलं का असं चालणार नाही. महिन्याभरात घरात तारेचं नेट घ्या, त्याले नीट कुलूप लावा, मोठ्या मॅडम तपासतील. जमलं त ठीक, नाही त पुण्याले येऊन ऑफिसात बसा.

हे मले हेमराजनं झाडाखाली सांगितलं. त्यानं फांदी उचलून धरली होती अन् मी खाली बसून टेकू लावून राहिलो होतो.

"बाबा, ती गेली त मीबी जाईन."

"अन् बगीचा?"

"ठेक्यानं देऊन टाकू."

ठेक्यानं. जसा का तो बगीचा नाही, लग्नाचा मंडप आहे. या झाडाईले मी घागरीनं पाणी पाजून मोठं केलं. मी टेकू एवढ्या जोरात ठोकला का वरची दोन संत्री माह्याच टाळक्यात पडली. हेमराज हसला. मले हसू आलं नाही. दोघं गेले त घरात उरते कोण? मी, हेमराजची माय अन् वांदरं.

तार यायले अजून वेळ होता. तवरिक काय कराचं म्हणून हेमराजनं डोकं लढवलं. सौसरले एका चहाच्या हॉटेलात फुकट वाय-फाय आहे, तिथं बसून काम करू. मले मोटरपंपाचा व्हॉल्व आणाचाच होता, म्हणून आम्ही तिघंबी गेलो. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, फ्री वाय-फाय. मी बाकावर बसलो, त मालक म्हणते, "दादा, कुछ लेना है तो लो, नहीं तो बेंच खाली करो." धोतराकडं पाहून म्हटलं त्यानं, मले समजलं. मी नको असलेला चहा घेतला, मंग रागाच्या भरात अजून एक घेतला.

तृप्तीनं लॅपटॉप उघडला, जरा वेळ पाहिलं अन् बंद केला.

"काय झालं वो?" हेमराजनं विचारलं.

"एकाच हॉटेलच्या नावाचे दोन नेट दिसून राहिले. एक मालकाचं असेल, दुसरं कोणाचं? कोणी मुद्दाम तेच नाव देऊन ठेवते. आपण फसून त्यात गेलो का आपलं सारं त्याच्या हातात."

"मंग मालकाले विचारून बरोबरचं घे ना."

"बरोबरचं असलं तरी उघडं आहे. कुलूप नाही. लोकांचे दवाखान्याचे कागद इथं उघडायचे म्हणजे चौकात उभं राहून कोणाचं दुखणं मोठ्यानं वाचल्यासारखं आहे. अन् बाबा, तुम्हीबी अशा ठिकाणी बँकेचं काही उघडत नका जाऊ."

मी कधी उघडत नाही. मले उघडताच येत नाही. पण सुनेनं विचार केला म्हणून मी मान हलवली, अन् आम्ही व्हॉल्व घेऊन घरी आलो.

तार आली तो दिवस अमावस्येचा होता, म्हणून शकुबाई आधीच कुरकुरत होती. लाइनमन मोहगावहून आला. मी विचारलं नेटचा डब्बा कुठं ठेवाचा, त म्हणते, "बाबा, ये आपके समझ का नहीं है." दोनदा त्याच महिन्यात हिंदीतून अपमान झाला माहा. तार दारापासून जिथवर पुरली तिथं, गव्हाच्या लोखंडी कोठीमागं, त्यानं डब्बा ठेवून देला. हिरवे दिवे लागले. "चल रहा है," म्हणे, अन् गेला. शकुबाईनं डब्ब्याले हळदकुंकू लावलं अन् वरून एक विणलेला रुमाल झाकला.

आतल्या खोलीत लॅपटॉपवर काही येईना. तृप्तीनं हसतच रुमाल काढला.

"आई, हे गरम होते, याले मोकळं राहू द्या. अन् लोखंडाच्या कोठीमागं नको, अडते. घराच्या मधात, उंचावर पाहिजे."

म्हणजे हे काम माह्या समजाचंच होतं. मातीच्या भिंतीत खिळा टिकत नाही, लाइनमनले काय माहीत. मी आधी लाकडाची खुंटी ठोकली, खुंटीत खिळे मारले, माजघरात आढ्याच्या जवळ फळी बसवली अन् हेमराजनं तार तिथवर ओढून नेली. डब्बा फळीवर चढला का आतल्या खोलीत नेट धो धो आलं. तृप्ती म्हणाली, "बाबा, जबरदस्त." मी म्हटलं, "त्यात काय." पण त्या दिवशी जेवण जरा जास्त गेलं.

मंग ती लॅपटॉप घेऊन बसली. डब्ब्याच्या बुडाले एक चिठोरी चिकटलेली होती, त्यावर पासवर्ड छापलेला.

"हे पहिले बदलायचं," ती हेमराजले सांगून राहिली होती. "दोन किल्ल्या असतात. एक डब्ब्याच्या पोटात जाऊन त्याची व्यवस्था कराची, ती कोणालेच द्यायची नाही. दुसरी नुसतं नेट वापराची. दोन्ही वेगळ्या ठेवायच्या."

पहिली तिनं स्वतः ठेवली. तेवढ्यात लॅपटॉपनं तिले विचारलं का ही जागा घरची आहे का बाहेरची. तिनं बाहेरची म्हणून दाबलं. शकुबाई बाजूले निवडाचं सूप घेऊन बसली होती, तिनं हेमराजले विचारून घेतलं का काय दाबलं, अन् तिचा हातच थांबला.

"काहून वो, आपलं घर बाहेरचं आहे का तुले?"

"तसं नाही आई. बाहेरची म्हटलं का हा लॅपटॉप स्वतःले झाकून बसते, त्याच नेटवरच्या दुसऱ्याले दिसत नाही. अंगावर पदर घेतल्यासारखं."

"मंग तसं सांग ना," शकुबाई म्हणाली, अन् पुन्हा गहू निवडाले लागली.

दुसरी किल्ली तृप्तीनं हेमराजवर सोडली, अन् हेमराजनं घोटाळा केला. त्यानं एक ते आठ आकडे ओळीनं टाकले. आमच्याकडं एक रीत आहे. विरजण, विस्तव अन् पाणी मागाले आलेल्याले नाही म्हणू नये. शकुबाईनं नेट त्याच यादीत बसवलं. जो येईन त्याले ती वाटी देल्यासारखे आकडे देई. दोन-चार दिवसात अर्धी आळी आमच्या ओसरीवर. शेजारचे रघुनाथराव त माह्याच बाजेवर पाय पसरून कुस्त्या पाहून राहिले होते अन् मले म्हणत, "या यशवंतराव, बसा." माह्याच घरात मले बसा म्हणून राहिला माणूस.

आत तृप्तीचा आवाज पुन्हा कटाले लागला.

तिनं शकुबाईले जवळ बसवून सांगितलं. शकुबाई म्हणे, "एवढ्याशानं काय होते? विरजण देल्यानं आपलं दही कमी होते का?"

"हे कमी होते आई. अन् कोणी आपल्या नेटवरून वाईट काही केलं त विचाराले आपल्याच दारात येतील."

"आपल्या आळीत कोण वाईट आहे?"

"कोणीच नाही. पण त्यांच्या फोनमध्ये काय शिरून बसलं आहे, हे त्यांलेबी माहीत नसते."

शकुबाईले पटलं. पण तिनं साफ सांगितलं, "दारात येऊन कोणी मागितलं त माह्या तोंडून 'नाही' निघत नाही. तू असं काही ठेव का ते माह्या तोंडून निघणारच नाही."

हेमराज भाकरी मोडत होता, तो फसकन हसला. "बाबाचं नाव ठेव."

आता हे समजून घ्या. आमच्याकडच्या जुन्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. शकुबाईनं लग्नात घेतलं असन, त्यानंतर मी 'हे', नाही त 'हेमराजचे बाबा'. एकदा दवाखान्यात नर्सनं पेशंटचं नाव विचारलं, त हिनं भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं का यातल्या एका देवाचं आहे. तृप्ती म्हणाली, नुसतं नाव ठेवलं त कोणीबी ओळखन, लांब पाहिजे, सलग दोन-तीन शब्द. हेमराजनं तेबी जुळवलं. यशवंतरावची शकू. इंग्रजी अक्षरात, मधात जागा न सोडता, पुढं एक फुली. शकुबाई पदर तोंडाशी घेऊन चुलीकडं पळाली. मीबी ताटात पाहून जेवलो. मी तिले शकू म्हटल्याचं या घरात कोणी ऐकलं नाही.

पण कुलूप असं पक्कं बसलं का विचारू नका. रघुनाथरावाची बायको पंचफुला, मोठी खटपटी बाई, रोज येऊन विचारे. शकुबाई म्हणे, "बाई, मले नाही घेता येत." पंचफुलाले वाटे ही भाव खाऊन राहिली. रघुनाथराव मले विचारत. मी म्हणे, माह्या बायकोले विचारा. ओसरी रिकामी झाली, माही बाज मले भेटली, तृप्तीचा आवाज कटणं बंद झालं. हेमराज बगीच्यात शीळ घालाले लागला. ठेक्याचं नाव कोणी काढलं नाही.

मंग मोठ्या मॅडमची तपासणी ठरली, अन् ती नेमकी आमच्या घरच्या हळदीकुंकवाच्या दिवशी. तृप्तीची पहिली संक्रांत होती, बोलावणं साऱ्या आळीले गेलेलं, फिरवता येत नव्हतं. तृप्ती म्हणाली, "काही हरकत नाही, मी आतल्या खोलीत बसते, झालं का येते." दुपारी बाया आल्या. वाणाच्या डब्ब्या, तिळगुळाची परात, अत्तराचा वास, सतरंजीवर पाय ठेवाले जागा नाही. मी आपला ओसरीच्या टोकाले बसून कोयत्यानं बांबूले टोक काढून राहिलो होतो. माह्या मागंच आतल्या खोलीची खिडकी, तिकडून मॅडमचा आवाज येत होता. शीतल नाव त्यांचं. एका कानात पुणं अन् एका कानात हळदीकुंकू.

बायांनी एकीएकीनं नाव घेतलं. मंग पंचफुला शकुबाईच्या मागं लागली. "सून आली घरात, आता तरी घ्या. आज नाही सोडत." साऱ्याच मागं लागल्या. शकुबाई नाही नाही म्हणे, पण मले तिचा आवाज समजते. घ्याचं होतं तिले. उभी राहिली, पदर सावरला अन् एका दमात म्हणाली,

"हळदीच्या जोडीले ठसठशीत कुंकू,
हसू नका बायांनो, मी यशवंतरावची शकू."

माह्या हातातला कोयता तसाच राहिला. इतक्या वर्षांनी माहं नाव तिच्या तोंडून, अन् भरल्या घरात. मले लाज वाटली अन् लई बरं वाटलं, दोन्ही संगच.

आत हसणं, टाळ्या. तेवढ्यात शकुबाईले आपण काय बोललो ते समजलं अन् ती मोठ्यानं म्हणाली, "अवो माय, हे त मी देऊन टाकलं. पुढची फुली तेवढी राहिली."

एवढं बोलाची गरज नव्हती. पंचफुलानं फोन काढला. दहावी शिकलेली बाई, तिले लिहायले वेळ लागला नाही. तिच्या फोनवर ती काळी-पांढरी चौकट आली, दुकानात पैसे द्यायची असते तशी, अन् बाकीच्यांनी त्या चौकटीवर आपापले फोन धरले. कोणी लोधीखेड्याच्या पोरीले व्हिडिओ लावला, कोणी पुतणीले हळदीकुंकू दाखवाले लागली, कोणी फोटो पाठवून राहिली.

खिडकीतून शीतल मॅडम तुटक तुटक बोलाले लागल्या. "तृप्ती... ऐकू... तुमच्या नेटवर कोण कोण जोडलं आहे ते पान दाखवा." मंग, "हे रघुनाथराव कोण?"

"शेजारी आहेत मॅडम. म्हणजे फोन त्यांचा आहे, आल्या त्यांच्या घरच्या."

"आणि हे बाकीचे? ही तर यादी संपतच नाही."

मी उठून माजघराच्या दारात गेलो. हातात कोयता होता हे मले मंग समजलं. "बाया हो," मी म्हटलं, "आत पोरीची तपासणी चालू आहे. यात नापास झाली त माहा पोरगा अन् सून पुण्याले जातात."

शकुबाई मटकन खाली बसली. "माह्याच तोंडानं माहं घर मोडलं," म्हणाली, अन् तिचे डोळे भरून आले. पंचफुलाले मी आजवर बरं म्हटलं नाही, पण आता म्हणतो. तिनं परातीतला तिळगूळ ताटात ओतला, आपला फोन बंद करून परातीत टाकला अन् परात फिरवली. एकीनंबी कुरकुर केली नाही. मंग साऱ्या जणी तशाच बसून राहिल्या, हात मांडीवर घेऊन, हळदीकुंकू लावलेल्या, तोंडातून अक्षर नाही. कोणाची बांगडी वाजली त दुसरी तिच्याकडं डोळे काढे. इतकं चुप हळदीकुंकू सौसर तहसिलीत झालं नसन.

मी खिडकीशी परत आलो. तृप्तीचा आवाज शांत होता. "मॅडम, आज घरी हळदीकुंकू आहे. पासवर्ड बाहेर गेला. मी आत्ताच बदलून राहिली. एक मिनिट माझंही नेट जाईल, परत येते."

ते मिनिट मले झाडाचा बहार जळून जाते त्या उन्हाळ्याएवढं वाटलं. मंग मॅडमचा आवाज आला, आता धड, तुटक नाही.

"तुमच्या घरी माणसं अशी येणारच का?"

"येणारच मॅडम. म्हणून मी आत्ता पाहुण्यांसाठी दुसरं नेट वेगळं केलं, ओसरीपुरतं. त्याची किल्ली सासूबाईंकडे राहील, त्यांनी ती खुशाल वाटावी. माझी आतली वेगळी, ती माझ्याशिवाय कोणाकडे नाही. हे मी पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं."

"त्यापेक्षा पुण्याला येणं सोपं नाही का?"

मी बांबूले घट्ट धरून उभा होतो. हा प्रश्न मी तिले कधी विचारलाच नव्हता. हेमराजनं काय ते सांगितलं अन् मी पोरावर राग काढला, पण पोरीले इथं राहाचं आहे का, हे कोणी विचारलं? तेवढ्यात तृप्तीनं आतून खिडकी लावून घेतली, वारा येत होता म्हणून असन, अन् मले पुढचं काही ऐकू आलं नाही.

हेमराज बगीच्यातून आला. माह्या तोंडाकडं पाहून तो बाजूले बसला. दोघं बापलेक एकाच बांबूले टोक काढत बसलो.

बऱ्याच वेळानं आतलं दार उघडलं. तृप्ती माजघरात आली. साऱ्या बाया तिच्या तोंडाकडं पाहून राहिल्या, अन् पोरीचं तोंड असं का काही समजूच देईना. शकुबाई उठून तिच्याजवळ गेली. "पोरी, चुकलं माहं."

तृप्तीनं तिले हात धरून खाली बसवलं अन् आपणबी सतरंजीवर बसली.

"काय झालं ते त सांग," पंचफुला म्हणाली.

"पहिले कुंकू लावा. माझंही नाव घ्यायचं राहिलं आहे ना."

पंचफुलानं कुंकू लावलं. तृप्तीनं ओसरीकडं पाहिलं, आमच्या दोघांकडं, अन् म्हणाली,

"पुण्याच्या गाडीले रामराम केला दुरून,
हेमराजचं नाव घेते, काम करीन घरून."

शकुबाईनं तिले पोटाशी धरलं. बाया साऱ्या एकदमच बोलाले लागल्या. हेमराज माह्या बाजूले नुसता हसत बसला होता, उठाचं त्याले सुचेना. मी कोयता खाली ठेवला, हात धोतराले पुसले, आत गेलो, बायांच्या मधून वाट काढली अन् ताटातला मूठभर तिळगूळ सुनेच्या हातावर ठेवला. "मले तू लई आवडते पोरी," म्हटलं, "रहा इथंच." हळदीकुंकवात माणसानं जाऊ नये म्हणतात. मी गेलो.